बावीस तासांचा मुलगा

मणप्पुऱ्यात माणसाची ऐपत पूर्वी रबराच्या झाडांवरून ठरायची. आता पोरं किती लांब गेली यावरून ठरते, आणि हे लांबपण मोजायचं ते विमानाच्या तासांत. पोरगं शारजात नाहीतर कुवेतला असलं तर चार तास, म्हणजे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा आणि गुपचूप प्रार्थना म्हणा. लंडनला असलं तर लग्नघरी पहिल्या पंगतीत पान. आणि अमेरिकेला असलं, की बिशप गावात आले म्हणजे त्यांच्या शेजारची खुर्ची आपलीच. हा नियम कुणी केला नाही, पण कुणी मोडलाही नाही. पंपेला पूर आला, चर्चचं छप्पर उडालं, सरकारं आली आणि गेली, नियम जागच्या जागी.

या मापात इप्पन अच्चायन, म्हणजे इप्पनदादा, सगळ्यांच्या वर. त्याचा एकुलता मुलगा रॉय शिकागोला, बायको लिजी आणि पोरगीसकट. शिकागो म्हणजे चौदा हजार किलोमीटर आणि बावीस तास. "मध्ये आखातात विमान बदलायला थांबावं लागतं, ते धरून," असं इप्पन प्रामाणिकपणे सांगायचा. प्रामाणिकपणा काय तो एवढाच.

जन्मभर त्यानं गावच्या शाळेत भूगोल शिकवला. पोरांकडून नाईल आणि ॲमेझॉन घोकून घेतल्या, स्वतः मात्र कोट्टयमच्या पलीकडे क्वचित गेला. निवृत्त झाला तेव्हा शाळेतला पृथ्वीचा गोल घरी घेऊन आला. निरोपसमारंभात भेट मिळाला असं तो सांगतो. शाळेचं म्हणणं वेगळं आहे. बैठकीच्या खोलीत हा गोल, आणि वर भिंतीवर दोन घड्याळं, एक इथलं आणि एक शिकागोचं. पाहुण्याला चहा नंतर, आधी घड्याळं. "आता तिथं पहाटेचे तीन," असं तो म्हणायचा, ते तिथला सूर्य याच्या परवानगीवाचून उगवणारच नाही अशा थाटात. शिकागोत वर्षातून दोनदा घड्याळं तासाभरानं पुढेमागे करतात. ते दोन दिवस म्हणजे इप्पनचे सण. खुर्चीवर चढून तो काटा फिरवायचा आणि बायको, शोशम्मा, खाली खुर्ची धरून उभी राहायची.

एकदा दोघं शिकागोला जाऊन आली होती. आल्यावर इप्पन वर्षभर फक्त विमानाबद्दल बोलला. शिकागोबद्दल बोलण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतंच, कारण तिथं तो रॉयच्या घरात हीटरशेजारी बसून इथलं वर्तमानपत्र फोनवर वाचत होता. शोशम्माला बायकांनी विचारलं, "चेडत्ती, अमेरिका कशी हो?" ती म्हणाली, "थंड. आणि खिडकी उघडत नाही." इप्पननं तिला घरी येऊन ऐकवलं, की एवढ्या लांब नेऊन आणलं तरी तू ती तूच.

शेजारी पापच्चन. त्यानं आयुष्यभर लॉरी चालवली. त्याचा मुलगा सोजन शारजात एसी दुरुस्त करतो. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून इप्पनची रोजची शिकवणी चालायची.

"चार तास? अरे पापच्चा, चार तासांत आपली एसटी तिरुवनंतपुरमला पोचत नाही. त्याला काय परदेश म्हणतात? सकाळी कप्प्याचा कंद खाऊन निघालेला माणूस दुपारच्या माशाच्या कालवणाला तिथं हजर! आखात म्हणजे विमान बदलायचा थांबा आहे, थांबा. तिथं माणसं उतरतात ती पुढे जाण्यासाठी. तुझा पोरगा थांब्यावरच राहिला."

पापच्चन हसून सोडून द्यायचा. त्याची बायको अच्चम्मा सोडणारी नव्हती. "लांब असून करायचंय काय, अच्चाया? मागच्या पावसात तुमच्या कौलावर ताडपत्री टाकायला शिकागोवाला आला होता, की सुट्टीवर आलेला थांब्यावरचा?"

यावर इप्पन घड्याळ बघायला आत जायचा.

एका रविवारी तर त्यानं चर्चच्या पायऱ्यांवर कहरच केला. कोरुतचा मुलगा लंडनची नोकरी सुटून कुवेतला लागला होता. बिचारा कोरुत कुणाला सांगत नव्हता, पण अशी बातमी लपते कुठं? इप्पननं चारचौघांत विचारलं, "काय कोरुत, पोरगा हत्तीवरून उतरून शेळीवर बसला म्हणे?" सगळे हसले. कोरुतही हसला, आणि त्यानंतर बरेच दिवस तो शेजारच्या गावच्या चर्चला जात राहिला. त्या वेळी रॉय सुट्टीवर आलेला होता आणि बापाच्या शेजारीच उभा होता. तोही हसला. जरा उशिरा हसला, पण हसला.

त्यानंतर शोशम्मात एक फरक पडला. सोजन सुट्टी संपवून शारजाला निघाला, की ती माशाच्या लोणच्याच्या दोन बरण्या भरून त्याच्या पिशवीत घालायची. एक समजू शकतो, दोन कशाला? इप्पन म्हणायचा, "चार तासांच्या माणसाला शिदोरी कसली बांधतेस? वाटेत भूक लागायच्या आत उतरेल तो." ती म्हणायची, "इच्चाया, पोरांना भूक लागतेच." आणि बरणीचं तोंड कापडानं आवळून बांधायची. नवरा तिला अडाणी समजतो, याचा तिला उपयोग करून घेता येत होता.

ऑक्टोबरच्या शेवटाला शोशम्माचं हृदय थकलं. मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. इप्पनला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. उद्याचं मी सांगू शकत नाही."

सकाळची वेळ होती. इप्पननं फोन लावला. हृदय बायकोचं थांबायला आलं होतं, पण पहिलं वाक्य त्याचं हेच, "तिथं रात्र असेल, उठवलं का तुला?" रॉय म्हणाला, "नाही अप्पच्चा, जागाच होतो. अम्मच्ची कशी आहे?" सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "निघतो." इप्पन डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगून आला, "निघाला. शिकागोहून येतोय, बावीस तास. विमानतळावरून पुढे तीन. उद्या दुपारी इथं." त्या म्हणाल्या, "बघू या." बावीस तासांनी त्या भारावल्या नाहीत, हे इप्पनला जरा लागलंच.

त्याच संध्याकाळी सोजन दवाखान्यात आला. वर्षातली ठरलेली सुट्टी घेऊन तो दुपारच्या विमानानं उतरला होता, आणि बॅग घरी टाकून सरळ आला होता. लहानपणी अर्धा दिवस तो शोशम्माच्या स्वयंपाकघरातच असायचा. त्याला पाहून तिनं डोळे पूर्ण उघडले आणि त्याच्या पाठीमागे, दाराकडे बघितलं.

"रॉय तुझ्याबरोबर नाही आला?"

सोजनचा चेहरा पडला. "येतोय, अम्मच्ची. मागून येतोय."

इप्पन खुर्चीतून हसला. "अगं, हा शारजाहून आला. रॉय शिकागोहून येतोय. दोघं एकत्र कसे येतील? भ्रम झालाय रे तिला," हे सोजनला. सोजन तिचे पाय दाबत बराच वेळ बसला, आणि मग दाराबाहेर जाऊन कुणालातरी फोनवर दबक्या आवाजात ओरडत राहिला. इप्पनला वाटलं, एसीचं काहीतरी गिऱ्हाईक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोशम्माला धाप लागली. पाद्री येऊन अखेरचं तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले. अच्चम्मा उशाशी बसून कपाळ पुसत होती. इप्पननं काय करावं? घरून पृथ्वीचा गोल मागवून घेतला होता. तो खाटेच्या कडेला ठेवून त्यानं बायकोला मुलाचा प्रवास दाखवायला सुरुवात केली. मरणाऱ्या बाईला भूगोल!

"हे बघ, इथून निघाला. हा सगळा अटलांटिक. हा काल रात्रीच ओलांडला असेल. हे आयर्लंड, मग असा खाली, तुर्कस्तानवरून. आणि हे बघ, आखात. आता तिथं उतरला असेल, विमान बदलत असेल."

"आखातात आला?" शोशम्मानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आला असणारच. विमानं वेळेवर असतात त्यांची."

"मग आता चारच तास ना?"

"नाही नाही. बावीस. ते आधीचे तास सोडून कसे देशील?"

तिनं मान हलवली. इप्पनचा हात धरायला बघत होती, पण तो हात गोलावर होता. "त्याला सांगा, चार तास पुरेत," ती म्हणाली. "सांगा ना, इच्चाया. चार पुरेत म्हणावं."

"अगं वेडे, चार तास शारजाचे," इप्पन म्हणाला. "शिकागोचे बावीस. किती वेळा सांगितलंय तुला."

हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं. चूक दुरुस्त करून दिली मास्तरांनी. दुपार व्हायच्या आत ती गेली. अच्चम्मानं तिचे डोळे मिटले, आणि खाटेवरचा तो गोल उचलून खाली जमिनीवर ठेवला, जरा आदळूनच.

रॉय आला तो अगदी हिशोबाच्या वेळेला. हातावर जाड कोट, डोळे लाल. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो असा रडला की परिचारिकाही बाजूला झाल्या. इप्पन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, स्वतःही रडत होता, आणि रडता रडता आलेल्या माणसांना सांगत होता, "सरळ बावीस तासांचा प्रवास करून आलाय हो. डोळ्याला डोळा नाही लागलेला."

दफन थाटात झालं. वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं, मुलगा रॉय आणि पुढे कंसात शिकागो. पेटीभोवती घरच्यांचा फोटो काढतात, तेव्हा इप्पननं फोटोवाल्याला रॉयला डोक्याशी उभं करायला सांगितलं. माणसं एकमेकांच्या कानात म्हणत होती, एवढ्या लांबून आला पोरगा, नशीब काढलं बाईनं. नशिबाची गोष्ट निघाली की मणप्पुऱ्यात अक्कल आधी उठून जाते.

संध्याकाळी सगळे पांगले. ओट्यावर इप्पन, रॉय आणि शेजारची तिघं तेवढी उरली. अच्चम्मानं कोरा चहा करून आणला. सोजन कोपऱ्यात उभा होता, दोन दिवस रॉयच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. इप्पनला वाटलं, याला आपल्या चार तासांची लाज वाटत असेल. म्हणून त्यानं समजूत काढायला घेतली. समजूत काढणंसुद्धा त्याला खाली बघूनच जमायचं.

"वाईट वाटून घेऊ नकोस, सोजा. तूही आलास, नाही असं नाही. पण तुमचं येणं म्हणजे परड्यातून घरात येणं. या पोरानं अर्धी पृथ्वी ओलांडली आईसाठी. दुपारीच पोचला, तरी नाहीच भेटली. त्याचं काय होत असेल, ते तुला नाही कळायचं."

"मला कळतं, अच्चाया," सोजन म्हणाला. "तो माझ्याच विमानात होता."

"सोजा, गप्प बस," पापच्चन म्हणाला.

"का गप्प बसू? माझ्या मागच्या रांगेत होता. दीड वर्ष झालं शारजात राहतोय, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी म्हटलं, अप्पानं गाडी पाठवलीय, चल, सरळ दवाखान्यात जाऊ. हा विमानतळाजवळच्या लॉजवर जाऊन बसला. तास भरून काढायला! अम्मच्ची दाराकडे बघत होती, आणि हा तिथं घड्याळाकडे बघत होता."

इप्पननं रॉयकडे पाहिलं. रॉयनं चहाचा पेला खाली ठेवला.

"कंपनी बंद पडली, अप्पच्चा. व्हिसा गेला. शारजात मिळाली ती घेतली नोकरी. लिजी आणि पोरगीही तिथंच आहेत."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"कोरुत अंकलना तुम्ही काय बोललात, ते मी शेजारी उभा राहून ऐकलं होतं. तेव्हा माझी नोकरी जायची नोटीस माझ्या खिशात होती." रॉय बोलत होता ते जमिनीकडे बघून. "दोनदा लॉजच्या खाली येऊन टॅक्सी थांबवली. दोनदा वर गेलो. वाटलं, पहाटे पोचलो तर तुम्ही विचाराल, इतक्या लवकर कसा? अम्मच्ची थांबेल, असं वाटलं."

हा बापाचाच मुलगा, शंका नको. आई मरत असताना बापाच्या प्रश्नाला घाबरून एसी खोलीत बसून राहिला. एकाला मिरवायची हौस, दुसऱ्याला नाक कापलं जायची धास्ती. दोघांचं भागलं, शोशम्माचं तेवढं राहिलं.

"तिला ठाऊक होतं?" इप्पननं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तिलाच फक्त सांगितलं होतं. रडेल असं वाटलं, तर हसली. म्हणाली, बरं झालं, जवळ आलास. चार तास पुरेत. मनात आलं की ये."

इप्पनचं तोंड उघडं राहिलं. चार पुरेत म्हणावं. त्याला सांगा ना, इच्चाया. ती बरळत नव्हती. मुलाला सांगत होती, की सोंग पुरे, ये आता. आणि सांगायला जवळ नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यानं निरोप पोचवला नव्हता. त्यानं तिला शारजा आणि शिकागोतला फरक समजावून सांगितला होता. तो ओट्यावरच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, आणि हे रडणं खरं होतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

त्याला वाटलं असेल, आता गावभर होणार. पण आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याला जन्मभर थांब्यावरचा म्हणून हिणवलं, त्याच्या घरातून एक शब्द बाहेर गेला नाही. पापच्चननं सोजनला ताकीद दिली, अच्चम्मानं जिभेला गाठ मारली. त्यांच्या जागी असता तर इप्पननं काय केलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी रॉय निघाला. अंगणात माणसं जमली. पाद्री आले होते, चर्चचे विश्वस्त, कोट्टयमचे चुलतभाऊ. मागे कोरुतसुद्धा उभा होता. भिंतीपलीकडे पापच्चन आणि अच्चम्मा. बॅग गाडीत चढली. पाद्र्यांनी रॉयच्या डोक्यावर हात ठेवला आणि सहज विचारलं, "किती तासांचा प्रवास म्हणायचा, इप्पन?"

रॉय बापाकडे बघत राहिला. त्या बघण्यात सगळं होतं. एक शब्द बापानं उच्चारायचा, चार, की पोरगा सुटला. मग पुढच्या महिन्यात यावं, बायकोपोरीला घेऊन यावं, ओणमला यावं, लपाछपी नको, लॉज नको, शारजाच्या उकाड्यात स्वेटर घालून व्हिडिओ फोनवर बोलणं नको. लोक दोन रविवार हसले असते. कोरुतला हसले, तो मेला का?

इप्पननं घसा खाकरला. सगळ्या माणसांवरून त्याची नजर फिरली, कोरुतवर थांबली, आणि तिथंच घात झाला.

"बावीस," तो म्हणाला. "मध्ये आखातात थांबतो, ते धरून."

"देव सांभाळो," पाद्री म्हणाले. रॉयनं मान खाली घातली, गाडीत बसला आणि दार लावून घेतलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ पुरून आले होते.

माणसं गेल्यावर अच्चम्मा भिंतीपाशी आली. आठवडाभर मारलेली जिभेची गाठ तिनं सोडली, पण आवाज चढवला नाही.

"अच्चाया, एक सांगून ठेवते. उद्या तुमचं काही झालं, तर सोजन चार तासांत येईल. मी बोलावीन त्याला. रॉयला मात्र बावीस लावावेच लागतील. आता तुम्हीच सांगितलंत ना, पाद्र्यांसमोर."

इप्पन आत गेला. नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. शिकागोत आज घड्याळं तासानं मागे करतात. त्यानं खुर्ची भिंतीपाशी ओढली, गुडघ्यावर हात टेकवत वर चढला आणि काटा फिरवायला लागला. खुर्ची डुगडुगत होती. "अगं, धर जरा," तो सवयीनं म्हणाला, आणि मग तसाच, दोन्ही हात वर, उभा राहिला.